लॅपटॉप विंगेत नेण्याआधी

*प्रिय ताई,*

*मी चार वर्षं बॅकस्टेजला आहे. सेट लावणं-उतरवणं, प्रॉपर्टी, ब्लॅकआउटमधले बदल हे माझं मुख्य काम. साउंड ऑपरेटर आला नाही तर म्युझिकही वाजवतो. मागच्या वर्षी जुना लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि तेव्हापासून वेडच लागलंय. लाइट चालवायला क्यूएलसी प्लस, ध्वनी मिक्स करायला आर्डर, थ्रीडी मॉडेलला ब्लेंडर, रेकॉर्डिंगला ओबीएस, अशी सगळी फुकटची सॉफ्टवेअर उतरवून घेतली. चार वेळा लिनक्सचा प्रकार बदलून झाला. पण खरं सांगू? यातलं एकही प्रयोगात वापरलेलं नाही. आमचे साउंडवाले दादा साध्या प्लेअरवर माउसने ट्रॅक वाजवतात आणि लाइटचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं आहे. हे सगळं फुकटात आणि कायदेशीर करता येईल असं मी म्हटलं, तर म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." मित्र म्हणतात, तू कॉम्प्युटर शिकलेला नाहीस, कशाला नादी लागतोस. माझं चुकतंय का? आणि यातून पुढे काम मिळेल का?*

*— विंगेतला एक*

ताई म्हणालास, तेव्हा सरळ अरे-तुरेवर येते.

तुझं चुकत नाहीये. पण दादांचंही चुकत नाहीये, आणि ते आधी समजून घे. प्रयोग सुरू झाला की मागे जाता येत नाही. ट्रॅक चुकीचा लागला तर सगळ्या प्रेक्षागृहाला कळतं आणि माना ऑपरेटरच्या टेबलाकडे वळतात. त्या माणसाला आपला जुना प्लेअर कधी अडकतो, कुठे दोनदा क्लिक केलं की घोळ होतो, हे पाठ झालेलं असतं. तू त्याला नवं काहीतरी दाखवतोस तेव्हा त्याच्या कानाला एवढंच ऐकू येतं की आता नव्याने घाबरायला शिका. फुकट आहे, कायदेशीर आहे हे तुझे मुद्दे झाले. त्यांची अडचण काय आहे, हे तू विचारलंस का? पत्रात तरी ते दिसत नाही.

मला विचारशील तर त्यांची अडचण तुझ्या एका वाक्यातच आहे: माउसने वाजवतात. म्हणजे एका वेळी एकच ट्रॅक, फेड (आवाज हळूहळू कमी-जास्त करणं) हाताने, आणि पुढचा ट्रॅक शोधायला अंधारात स्क्रीनवर नजर. यावर इलाज आहे, पण तुझ्या यादीत नेमका तोच नाही. लिनक्स शो प्लेअर नावाचं सॉफ्टवेअर आहे, खास नाटकासारख्या प्रयोगांत ध्वनी वाजवण्यासाठी केलेलं. मॅकवरचं क्यूलॅब तू ऐकून असशील, त्याच जातीचं, पण मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारं. ब्लेंडर, आर्डर थोडे दिवस बाजूला ठेव आणि हे एकच घे. साउंडच का, तर ते काम तू आधीच अधूनमधून करतोस. अंकाचा ताल तुझ्या अंगात आहे. त्यामुळे शिकायचं राहतं फक्त साधन.

एक प्रसंग घेऊन दाखवते. बाहेर पाऊस पडतोय, आत दोघं बोलत बसलेत, मधेच फोन वाजतो, नट फोन उचलतो. प्लेअरवर हे करायला कसरत लागते. पाऊस चालू असताना फोनची घंटा वाजवायची तर दुसरी खिडकी उघडा, नाहीतर पाऊस आणि घंटा मिसळलेला एकच ट्रॅक बनवा. असा मिसळलेला ट्रॅक म्हणजे नटाला दोरीने बांधणं. घंटा तीनदा वाजणार म्हणजे तीनदाच वाजणार, त्याने पहिल्याच घंटेला रिसीव्हर उचलला तरी. क्यू म्हणजे ठरलेल्या क्षणी सोडायचा एकेक आवाज किंवा बदल. क्यू वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाऊस हा एक क्यू, त्याला लूप लावलेला, म्हणजे तो पुन्हा पुन्हा वाजत राहतो. संवाद सुरू झाले की पाऊस खाली घेणारा दुसरा क्यू, समज चार सेकंदांत बारा डेसिबलने खाली. घंटा हा तिसरा. आणि घंटा तिथल्या तिथे तोडणारा चौथा, ज्यात फेड अजिबात नाही, कारण रिसीव्हर उचलल्यावर विरत जाणारी घंटा जगात कुठेच नसते. हे सगळे एकाखाली एक लावायचे आणि फक्त स्पेस बार दाबत जायचं. नजर स्क्रीनवर नाही, नटाच्या हातावर. क्यू सुरू होण्याआधी किंवा झाल्यावर किती थांबायचं आणि त्यानंतर पुढचा आपोआप सुटावा का, हेही प्रत्येक क्यूला सांगता येतं. मात्र आपोआप सुटणारे क्यू जपून वापर. नटाच्या श्वासाशी बांधलेली गोष्ट घड्याळावर सोडायची नसते.

त्याआधी फाइली साफ कर. त्यासाठी ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर पुरे. गोळा केलेल्या आवाजांच्या सुरुवातीला बहुतेकदा अर्धा-पाऊण सेकंद शांतता असते. ती कापली नाहीस तर बटण वेळेवर दाबूनही गोळी उशिरा सुटते आणि नट उगाच बोलणी खातो. लूप करायच्या फाइली एमपीथ्रीत ठेवू नकोस. एमपीथ्री बनताना सुरुवातीला आणि शेवटाला बारीकशी शांतता जोडली जाते आणि पाऊस दर फेरीला एकदा उचकी देतो. वेव्ह किंवा फ्लॅक ठेव. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये, सेशनच्या फाइलीशेजारी. एक फाइल डेस्कटॉपवर, एक पेनड्राइव्हवर असा संसार मांडलास तर लॅपटॉप बदलल्या दिवशी रडशील.

आणि हे सगळं करून पाहायला थिएटर लागत नाही. दिग्दर्शकाला विचारून एका रन-थ्रूचं, म्हणजे न थांबता केलेल्या पूर्ण तालमीचं, रेकॉर्डिंग घे, मोबाइलवर चालेल. आधीच भरलेलं म्युझिक त्यात नसेल तर उत्तम, नुसत्या संवादांची तालीम असली की काम सोपं. घरी ते रेकॉर्डिंग एका बाजूला लावायचं, दुसऱ्या बाजूला आपली क्यू लिस्ट, आणि प्रयोग असल्यासारखे सगळे क्यू सोडायचे. रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. क्यू चुकला तर चुकला, पुढचा धर. चुकल्यावर दोन सेकंदांत रांगेत परत कसं यायचं हीच खरी कला आहे, आणि ती दादांना येते, तुला अजून यायची आहे. दोन वेगवेगळ्या दिवसांची रेकॉर्डिंग मिळाली तर फारच छान. एकाच नटाचा एकच विराम एका दिवशी केवढा आणि दुसऱ्या दिवशी केवढा, हे ऐकलंस की वेळ मोजून क्यू बांधायचा मोह आपसूक जाईल.

यासोबत क्यू शीट. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये पाच रकाने: क्रमांक, कशावर सोडायचा, काय वाजतं, किती मोठं, आणि चुकलं तर काय. पाचवा रकाना लोक ठेवत नाहीत, तू ठेव. "फोन: घंटा वाजली नाही तर नट स्वतःच फोन लावतो, तसं बोलून ठेवलंय." असं लिहिलेलं पान दादांच्या हातात पडलं की त्यांना कळेल, पोरगा गंमत म्हणून करत नाहीये. 'कशावर सोडायचा' या रकान्यात नुसतं वाक्य लिहू नकोस. वाक्यातला शेवटचा शब्द की हालचाल, ते लिही. तू ब्लॅकआउटमध्ये सेट हलवतोस, त्यामुळे कोणत्या बदलाला किती वेळ लागतो हे साउंडच्या टेबलापेक्षा तुला जास्त माहीत असतं. अंधारातलं म्युझिक कधी संपायला हवं हे त्या टेबलावरच्या माणसाला तूच सांगू शकतोस, आणि या माहितीला किंमत आहे.

आता लॅपटॉप. घरी छंद करायला कसाही चालतो, विंगेत नाही. प्रयोगाच्या लॅपटॉपवर वाय-फाय बंद, नोटिफिकेशन बंद, स्क्रीन झोपणं बंद, झाकण लावल्यावर निजणं बंद, अपडेट बंद. शेवटचं नीट ऐक. चालू प्रयोगांच्या मधे सिस्टिम अपडेट करायची नाही, लिनक्सचा प्रकार बदलणं तर दूरच. तुझ्या हौशीसाठी दुसरी हार्डडिस्क किंवा लाइव्ह पेनड्राइव्ह ठेव, तिथे रोज नवा संसार थाट. आवाज बाहेर काढायला वेगळं यूएसबी साउंड कार्ड घे आणि शो प्लेअरचा आवाज फक्त तिकडून जाईल असं लाव. सिस्टिमची टिंगटिंग लॅपटॉपच्या स्पीकरमध्येच मरू दे. हेडफोनच्या भोकातून थेट मिक्सरला वायर टाकलीस आणि चार्जर लावल्यावर घुंघुं सुरू झाली, तर चार्जर काढून बॅटरीवर प्रयोग करायचं धाडस नको. मधे डीआय बॉक्स लाव, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे बसणारी डबी. बहुतेकांवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडतं.

लिनक्सवाल्यांत रिअल-टाइम कर्नल (वेळेला चोख असलेला सिस्टिमचा गाभा) आणि लेटन्सीची, म्हणजे बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराची, चर्चा फार चालते. त्यात तू अडकशील असं मला तुझ्या चार प्रकारांवरून वाटतंय. लाइव्ह वाद्य लॅपटॉपमधून न्यायचं असेल तर ती चर्चा महत्त्वाची. तयार फाइल वाजवायची असेल तर नाही. बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पलचा आणि सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्‌झ असला तर उशीर होतो साधारण २१ मिलिसेकंदांचा. तुझं बोट त्याहून कितीतरी जास्त मागेपुढे होतं. बफर मोठा ठेव, आवाज न तुटणं जास्त मोलाचं.

आणि पर्यायी सोय. दुसरा लॅपटॉप नसेल तर मोबाइलवर सगळे ट्रॅक क्रमांक घालून ठेव आणि मोबाइलची वायर मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलला आधीच लावलेली असू दे, फेडर खाली. मोबाइल फ्लाइट मोडवर, हे सांगायला नको. लॅपटॉप बंद पडला तर नाटक बंद पडता कामा नये. एवढं करून दाखवल्याशिवाय कुणालाही "बदलू या" म्हणायचा हक्क मिळत नाही.

लाइटबद्दल थोडं. क्यूएलसी प्लस तू उतरवलंयस ते चांगलंच आहे, आणि ते लाइट नसतानाही शिकता येतं. त्यातल्या मॉनिटरमध्ये कोणत्या चॅनलला काय मूल्य जातंय ते दिसतं. पण सॉफ्टवेअरच्या आधी डीएमएक्स, म्हणजे लाइटला हुकूम पोचवायची पद्धत, समजून घे. तो १९८६ सालचा प्रोटोकॉल आहे आणि अजून सगळं त्यावरच उभं आहे. एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका डीएमएक्स लाइनवर, ५१२ चॅनल, प्रत्येकाचं मूल्य ० ते २५५. आठ चॅनलचा एलईडी पार (रंग बदलणारा साधा गोल दिवा) असेल तर पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ९, तिसऱ्याचा १७. हिशेबाने एका युनिव्हर्समध्ये असे ६४ बसतात. पण एका वायरच्या साखळीवर ३२ च्या वर उपकरणं लावायची नसतात, पुढे स्प्लिटर लागतो. साखळीच्या शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल परत उसळू नये म्हणून लावायचा रोधक. लाइट उगाच लुकलुकतात तेव्हा माणसं सॉफ्टवेअरला शिव्या देतात, आणि दोष निघतो या टोकाला किंवा डीएमएक्सऐवजी माइकची केबल वापरलेली असते त्यात. तशीच दुसरी नेहमीची भानगड मोडची: लाइटच्या मेन्यूत सात चॅनलचा मोड, सॉफ्टवेअरमध्ये आठचा. तू लाल मागतोस आणि लाइट स्ट्रोब मारायला लागतो. अशा वेळी सॉफ्टवेअर उघडू नकोस, शिडी लाव आणि लाइटच्या पाठीवरची स्क्रीन वाच.

यूएसबीतून डीएमएक्स काढायची जी अगदी स्वस्त डबी असते तिच्यात स्वतःचा मेंदू नसतो, सिग्नलची वेळ सांभाळायचं काम तुझा लॅपटॉप करतो. तो दमला की लाइट थरथरतात. घरी शिकायला ती ठीक. प्रयोगाला न्यायची तर स्वतः वेळ सांभाळणारी, आयसोलेशन असलेली, म्हणजे लॅपटॉपची आणि लाइटची वीज वेगळी ठेवणारी, घे. आणि थिएटरच्या डिमरला (प्रकाश कमी-जास्त करणारं यंत्र) किंवा कन्सोलला, म्हणजे लाइट चालवायच्या टेबलाला, तिथल्या माणसाला न विचारता तुझी वायर लावायची नाही. ती वस्तू तुझी नाही, आणि त्यात वीज आहे.

बाकीच्यांचं झटपट. ब्लेंडर सेटचं मॉडेल दाखवायला झकास आहे, पण नेपथ्यकाराला सुताराकडे द्यायला मापांचं ड्रॉइंग लागतं, त्यासाठी लिब्रेकॅड किंवा फ्रीकॅड. ओबीएस तालीम रेकॉर्ड करायला वापर. आर्डर खोल आहे, गाणं मिक्स करायची वेळ येईल तेव्हा उघड.

क्रॅकचं काय? त्यात मी गोडगोड बोलणार नाही. चोरीचं सॉफ्टवेअर कुणाच्या तरी पोटावर पाय देऊन चालतं, आणि आपणही पोटावर पाय आलेले लोक आहोत. शिवाय क्रॅकबरोबर आत काय आलंय ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि तो संगणक प्रयोगाच्या मधोमध काय करेल याची खात्री देणारा कुणी नाही. पण हे दादांना चारचौघांत सुनावू नकोस. त्यांना व्यवहाराचं सांग. दोन वर्षांनी नाटक पुन्हा उभं राहिलं तर क्यूएलसी प्लसची जुनी आवृत्ती परत टाकता येते, तिचं लायसन्स संपत नाही. तिची शोची फाइल साधी मजकुराची एक्सएमएल असते, लिनक्स शो प्लेअरची जेसनची. काहीच उघडलं नाही तरी टेक्स्ट एडिटरमध्ये क्यू वाचता तर येतील. बंद सॉफ्टवेअरमध्ये हा धागा बहुतेकदा सापडत नाही. दौऱ्यावर लॅपटॉप गेला, चोरीला गेला, तरी दुसऱ्या कुठल्याही मशिनवर त्याच रात्री उभं करता येतं. हा मुद्दा त्यांना पटेल, कारण दौरे त्यांनी केलेत.

उलट बाजूही त्यांना प्रामाणिकपणे सांग. अशा छोट्या प्रकल्पांमागे कधीकधी एक-दोनच माणसं असतात, तीही आपलं पोटापाण्याचं काम सांभाळून. रात्री फोन उचलणारी कंपनी मागे नसते. म्हणून एखादं सॉफ्टवेअर स्वीकारण्याआधी त्याची शेवटची आवृत्ती कधी आली आणि तक्रारींना उत्तरं मिळतात का, ते बघ. बरीच वर्षं कुणी हात लावलेला नसेल तर कितीही सुंदर असलं तरी प्रयोगाला नेऊ नकोस. आणि दादांनी सगळं ऐकून पुन्हा "नको" म्हटलं, तर नको. साउंडचं टेबल त्यांचं आहे. तुझं सॉफ्टवेअर तुझ्या हातात जे काम येईल त्यात लाव. ते नसतील त्या दिवशीसुद्धा आयत्या वेळी नवी व्यवस्था लावायची नाही. त्या दिवशी त्यांचाच प्लेअर, त्यांच्याच पद्धतीने.

काम मिळेल का? क्यूएलसी प्लस येतं म्हणून कुणी नोकरी देईल असं मला वाटत नाही. मोठ्या प्रयोगांत ईटीसीचं ईऑस, एमए लायटिंगचं ग्रँडएमए असले कन्सोल असतात आणि ऑपरेटर शोधताना तेच विचारतात. पण दोन्ही कंपन्या संगणकावर शिकायची आवृत्ती फुकट देतात. सोर्स बंद आहे, तरी शिकायला कुणी अडवत नाही, तत्त्वाचा ताठा इथे आड आणू नकोस. पॅच (कोणता लाइट कोणत्या पत्त्यावर), युनिव्हर्स, फेडचा वेळ, एकाच लाइटला दोन हुकूम गेले तर तीव्रतेत सर्वांत मोठं मूल्य जिंकतं आणि रंगात शेवटचं दिलेलं मूल्य टिकतं, हे सगळं तू घरच्या लॅपटॉपवर शिकलेला असशील तर कन्सोलवर बोटं लवकर बसतात. ट्रॅकिंगची पद्धत (न बदललेलं मूल्य पुढच्या क्यूंतही तसंच चालू राहतं) मात्र कन्सोलवरच नव्याने शिकावी लागेल. ज्या छोट्या संस्थांकडे कन्सोल घ्यायला पैसे नाहीत, त्यांच्याकडे लॅपटॉप आणि एक डबी घेऊन अख्खा शो उभा करणारा माणूस लागतोच. तिथे तुझी सुरुवात होईल. सेट हलवणारा, साउंड वाजवणारा, लाइट पॅच करणारा एकच माणूस दौऱ्याच्या गाडीत बसणार असेल, तर व्यवस्थापक त्याला आधी फोन करतो.

मित्रांचं म्हणणं सोड. कोड लिहिता येत नाही म्हणून तू या जगात पाहुणा ठरत नाहीस. क्यूएलसी प्लससोबत फिक्श्चर डेफिनिशन एडिटर नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. एखादा लाइट यादीत नसेल तर त्याचा कोणता चॅनल काय करतो ते त्यात भरायचं असतं, आणि भरलेली फाइल प्रकल्पाला पाठवता येते. ती पुढच्या आवृत्तीत गेली की जगात कुठेही तो लाइट असलेल्या माणसाची एक दुपार वाचते. हे काम प्रोग्रॅमरला घरबसल्या जमत नाही, त्याच्याकडे तो लाइट नसतो. तुझ्या गोडाउनमध्ये एखादा कुठल्याशा कंपनीचा पार असेलच, ज्याचं मॅन्युअल केव्हाच हरवलंय. तो खाली उतरव, सगळे चॅनल शून्यावर आण, आणि एकेक चॅनल सावकाश ० पासून २५५ पर्यंत नेत काय होतं ते वहीत लिही. कुठल्या आकड्याला स्ट्रोब सुरू होतो, कुठे रंग आपोआप फिरायला लागतात, तेही. मेन्यूत जेवढे मोड दिसतील तेवढ्या वेळा हे सगळं पहिल्यापासून करावं लागेल, कारण मोड बदलला की चॅनलांचा क्रमही बदलतो.

— ताई